आधी दूध, मग घास

३ मार्च

प्रिय विहीणबाई,

फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. पत्राला 'बरं' म्हणून ठेवता येत नाही. ते टेबलावर पडून राहतं आणि चहा पिताना डोळ्यांसमोर येतं. म्हणून लिहायला बसले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर शनिवारी आम्हा मुलींकडून घरी पत्र लिहून घ्यायच्या, समास सोडून, खाडाखोड न करता. समास सोडला आहे. खाडाखोडीची खात्री देत नाही, कारण तुमची नात माझ्या मांडीवर आहे आणि तिला पेन हवं आहे.

मुद्द्याचं आधी: ढबू मजेत आहे. गाल तुम्ही पाहून गेलात त्याहून मोठे झालेत. बसते, म्हणजे बसवली की क्षणभर बसते आणि मग पोत्यासारखी कलंडते. कलंडली की रडत नाही, चूक आपलीच असल्यासारखी आपल्याकडे रोखून बघते. हे बघणं तुमच्याकडून आलंय असं तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं आहे. मी फक्त कळवते आहे.

तुम्ही बॅग भरून गेलात आणि तुमच्या जागी मी आले. झालं ते लेकीनं मला सांगितलं, अर्थात तिच्या बाजूनं. पोर साडेपाच महिन्यांची असताना तुम्ही तिला केळं चाटवलंत, लाळेऱ्यावर डाग सापडला, आणि ही म्हणाली, "अहो आई, माझं दूध पुरत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत आणि सकाळच्या गाडीनं निघून गेलात. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर असलेली बाई, भरल्या गाडीत जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, ती गप्प बसली म्हणजे नक्कीच खूप लागलं असणार. मी कुणाच्याच बाजूनं नाही. मी बाळाच्या बाजूची, आणि बाळ सध्या दोन्ही बाजूंना थुंकतं आहे.

आता ढबूला सहा महिने पूर्ण झाले, त्यामुळे वरचं खाणं रीतसर सुरू झालंय. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावून सांगितलं: वर्षाची होईपर्यंत आईचं दूध मुख्य, बाकी सगळं जोडीला. आधी पाजायचं, मग जरा वेळानं घास. मीठ नको, साखर नको, मध तर नाहीच नाही. लेकीनं त्यातलं मुख्य ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलंय: 'आधी दूध, मग घास.' येताजाता सगळे वाचतात.

ती परत कामावर जायला लागली. दातांच्या लॅबमध्ये पहिल्यासारखंच चाललंय, मेण, साचे आणि सगळीकडे पांढरी भुकटी. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते, आणि जिच्यासाठी जीव टाकते तिच्या तोंडात एकही दात नाही. लॅब दोन गल्ल्या सोडून, म्हणून दुपारी एकला पाजायला घरी येते. तिला काम सोडायचं नाही आणि अंगावरचं दूधही तोडायचं नाही. दोन्ही हवंय. मला वाटतं त्यात चुकीचं काही नाही.

मी कशात लुडबुड करत नाही हे वेगळं सांगायला नकोच.

तुमची,
विहीण


८ मार्च

प्रिय विहीणबाई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, तेव्हा मी ते हो समजते आहे.

तुमच्या मुलाचा प्रताप कळवायचा आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून माणसाचं मन भरत नाही, घरी येऊनही लिफ्टच. ढबूला उंच खुर्चीत बसवतो, चमचा खालून वर आणतो आणि अडकलेल्या लिफ्टमधल्या बाईसारखा आवाज काढतो: "अहो, ऐकताय का कुणी? दार उघडा! आत माणसं आहेत!" ढबू खदखदून हसते, तोंड उघडतं, लिफ्ट आत. मी म्हटलं, "जावईबापू, ती गिळण्याआधी हसली तर घशात अडकेल." तर म्हणाले, "अडकलेलं सोडवायचाच पगार मिळतो मला." तरी आता ती गिळेपर्यंत थांबतात. सांगितलेलं ऐकतात, दाखवत नाहीत. हेही तुमच्याकडूनच असावं.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू तुम्हाला आठवतात. माझी अंघोळ होईपर्यंत ढबूला त्या सांभाळतात. मशीन चालू असलं की पोर एकदम शांत. त्या तुमची फार आठवण काढतात. "त्या कशा दणक्यात बोलायच्या, तुम्ही अगदी चर्चमध्ये असल्यासारख्या बोलता," असं मला तोंडावर म्हणाल्या.

मी काय करते, असं तुम्ही विचारलं नाहीत. सांगते. उकडलेलं गाजर छान मऊ घोटून, चाळणीतून काढून, बोटाला लागेल एवढं चाखवते. याला भरवणं म्हणत नाहीत. बोर्डिंगमध्ये आम्हाला आठवड्यातून एकदा बीट मिळायचं आणि ते संपवल्याशिवाय उठता यायचं नाही. माझ्या शेजारची मुलगी माझं बीट टेबलाखालून घेऊन खायची, आणि तिची पातळ लापशी मी प्यायची. आम्ही दोघी चांगल्या गुटगुटीत राहिलो. सांगायचं काय, तर खाण्यावर कुणाची जबरदस्ती नको हे मला लहानपणापासून पटलेलं आहे. ढबूनं तोंड फिरवलं की मी वाटी खाली ठेवते. आजवर तिनं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलेलं नाही, हा भाग वेगळा.

एक छोटीशी गोष्ट. काल दुपारी लेक धावतपळत आली, हात धुतले, पाजायला घेतलं, आणि ढबूनं जरा चोखून मान वळवली. खिडकीवरच्या पाखराकडे बघत बसली. लेक म्हणाली, "लक्ष विचलित होतं हल्ली." मी खिडकी बंद केली. झालं एवढंच.

तुमची,
विहीण


१४ मार्च

प्रिय विहीणबाई,

आज मजेचं पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण होत नाही.

खिडकी बंद केल्यावरही ढबू पीत नाही. म्हणजे पहाटे पिते, झोपायच्या वेळी पिते, पण दुपारी आईनं जवळ घेतलं की पाठ ताणते, हसते, आईच्या शर्टाचं बटण खाते, पीत नाही. सकाळी निघतानाही तेच. लेक लॅबच्या कोठारात, प्लास्टरच्या गोण्यांमागे खुर्ची टाकून दूध काढते. परवा आली ती बाटली दिव्याकडे धरून उभी. "बघ ना आई, तळ झाकला एवढंच. आधी अर्धी भरायची."

आणि मग ते बोलली. "आटत चाललंय. तिलाही कळलंय. पोरीला नकोय तर मी कशाला अडून बसू? या रविवारपासून बंद करते. डब्यातलं आणू."

मी म्हटलं, "एवढ्यात कशाला ठरवतेस?"

"मग कधी ठरवू? रोज दुपारी तोंड फिरवून घेऊ का तिच्याकडून?"

डब्यातल्या दुधावरही मुलं चांगली वाढतात, ते मला माहीत आहे, तिलाही आहे. तिला स्वतःला थांबायचं असतं तर मी पहिली हो म्हटलं असतं. पण तिला थांबायचं नाही. पोरीनं आपल्याला नाकारलं असं वाटून थांबणं निराळं. जिन्यात बसून रडली, आत नाही, ढबूसमोर नको म्हणून. मी शेजारी बसले. आमच्या दोघींच्या मध्ये तिची पर्स होती.

तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. ही चार महिन्यांची असताना मी टायपिस्टच्या नोकरीवर परत गेले. दुपारी दोनच्या सुमारास, कुठल्याही बाळाचं रडणं रस्त्यावरून ऐकू आलं की माझा ब्लाउज भिजायचा. मी फाइल छातीशी धरून साहेबांच्या खोलीत जायची. पंधरा दिवसांत सगळं थांबलं. कुणी मला विचारलं नाही की बाई, तुला चालू ठेवायचं होतं का? विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही मला माहीत नाही. पण हिला माहीत आहे. म्हणून वाटतं की हिचं तरी असं नकळत सुटू नये.

तुम्ही तीन मुलं वाढवलीत, तीही बसच्या पाळ्या सांभाळून. काही सुचत असेल तर कळवा. रविवार परवाच आहे. फोन केलात तर आणखी चांगलं.

तुमची,
विहीण


१६ मार्च, रविवार

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

बसून वाचा.

सकाळी लेकीची हाक आली, "सगळे इकडे या. आत्ता." मी भांडं टाकून धावले. तुमचे चिरंजीव दाढीला अर्धा साबण लावलेले. शिंपीणकाकू लाळेऱ्याची नाडी शिवून द्यायला वर आल्या होत्या, त्याही आत. लेक पलंगाशी उभी, ढबू उघडीबंब, पाय हवेत, खूश. आणि समोर पसरलेला लंगोट.

जावई म्हणाले, "काय झालं? पडली?"

"ती नाही पडली. आता तुम्ही पडणार आहात." लेकीनं लंगोटाकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"हे... ते आहे," जावई म्हणाले.

"हे गाजर आहे."

मी म्हटलं, "दुधानंसुद्धा कधीकधी असा रंग—"

"आई, मी दिवसभर दातांचे रंग जुळवते. पिवळ्यात पिवळं किती असतं ते मला नको सांगूस. हे केशरी गाजर. हा त्याहून फिका, हा भोपळा. आणि हे बारीक काळे दोरे दिसतात ना? केळं. मी काल हिला फक्त मऊ भात दिला, तोही संध्याकाळी, पाजल्यावर. मग ही मंडई कुणी भरवली?"

ढबूनं पायाचा अंगठा तोंडात घातला.

शिंपीणकाकू पहिल्या फुटल्या. "मी भरवलं नाही हो. माझ्या डब्यातला भोपळा, नुसता उकडलेला. इवलासा. चाखवला."

"कधी?"

"रोजच."

"अहो, आणि तुम्ही?" लेक नवऱ्याकडे वळली.

"मी भरवत नाही. मी लिफ्ट खेळतो."

"सकाळी? मी तयार होत असताना?"

"हो."

"रिकामी लिफ्ट?"

"रिकामी कशी चालवणार?"

"किती फेऱ्या?"

जावयांनी साबण पुसला. "दहा मजली इमारत आहे."

उरले मी. विहीणबाई, आमच्या सिस्टर म्हणायच्या की बोलायचं तर सरळ उभं राहून, मान वर करून बोलायचं. मी तशी उभी राहिले आणि म्हटलं, "गाजर माझं. दुपारी साडेबाराला. वाटीभर." घरात इतके दिवस बोटाला लागेल एवढंच होतं ते, एकदम वाटीभर झालं.

लेक पलंगावर बसली. मग म्हणाली, "साडेबाराला वाटीभर. आणि मी येते एकला."

"हो."

"आणि सकाळी मी पाजायला घेते त्याच्या आधी दहा मजले केळं."

"हो," जावई म्हणाले.

"म्हणजे तिला भूकच नसायची."

शिंपीणकाकू म्हणाल्या, "अगं बाई, लग्नाच्या जेवणावरून उठलेल्या माणसाला कुणी पुन्हा पानावर बसवतं का? तोंड फिरवील नाही तर काय!"

आणि लेक हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता ढबूला उचललं, उघडीच, तशीच, आणि ढबूनं वेळ साधून तिच्या अंगावर जे करायचं ते केलं. कुणालाच काही वाटलं नाही. तिचं दूध आटलं नव्हतं हो. पोर पीत नव्हती म्हणून कमी होत चाललं होतं, आणि पीत नव्हती कारण तिच्यावर जीव असलेले आम्ही तिघं तिला पाळीपाळीनं आधीच टम्म भरत होतो. फ्रिजवरचा कागद तिघांनी रोज वाचला. तिघांना वाटलं, तो बाकीच्यांसाठी आहे.

तिघं म्हणाले मी. चौघं म्हणायला हवं. कारण लेकीनं नवऱ्याला विचारलं, "सकाळी केळं द्यायचं हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?" आणि ते म्हणाले, "आईनं सांगितलं. रोज सकाळी फोनवर विचारते, दिलंस का?"

म्हणजे विहीणबाई, इथे आमच्याशी कट्टी धरून तुम्ही तिकडून बसल्या बसल्या नातीला घास भरवत होतात! मला इतका आनंद झाला, सांगता येत नाही. मला वाटत होतं तुम्ही आम्हाला सोडलंत.

लेक रागावली नाही. उलट ढबूला न्हाऊ घालताना हळूच म्हणाली, "आई, त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, दूध पुरत नाही का म्हणून. टोमणा नव्हता तो. मला खरंच कळत नव्हतं. तीन मुलांची आई समोर होती, म्हणून विचारलं. त्यांनी उत्तरच दिलं नाही. तेव्हापासून मी धरून चालले, पुरत नसणार."

हे तुम्हाला कळवायला तिनं सांगितलेलं नाही. मी आपणहून कळवते आहे. लुडबुड म्हणा हवं तर.

आज घरात कुणी ढबूला तिच्या आईच्या आधी काही दिलं नाही. दुपारी तिनं मान फिरवली नाही. डोळे मिटून प्याली, एक हात आईच्या गळ्याशी. डब्यातलं आणायला कुणी गेलं नाही.

तुमची,
विहीण


२३ मार्च

प्रिय विहीणबाई,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मुद्दाम बाहेर आले नाही. पण भिंत पातळ आहे आणि तुमचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.

तुम्ही म्हणालात, "पुरतं गं. पहिल्या दिवसापासून पुरत होतं. केळं मी माझ्या हौसेनं चाटवलं. तू मला बोललीस असं वाटलं मला. विचारत होतीस हे कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं." नंतर तुम्ही आणखी काहीतरी बोललात ते मला ऐकू आलं नाही, कारण मीच नाक शिंकरत होते.

लेक म्हणाली, "अहो आई, पितेय आत्ता. ऐकायचंय?" आणि तिनं फोन ढबूच्या गळ्याशी धरला. मी दारातून पाहिलं. घुटुक, घुटुक, मध्येच एक श्वास, पुन्हा घुटुक. तुम्ही तिकडे किती वेळ ऐकत होतात! बिल तुमचं, म्हणून मी बोलले नाही.

या आठवड्याचा हिशेब देते. पहिले दोन दिवस लेक घरी असताना ढबू सतत अंगावर होती. मंगळवारी कोठारातली बाटली अर्ध्यावर आली. आता पाजणं आणि घास यांत कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. सकाळी लेक जाताना पाजून जाते, मग शिंपीणकाकूंचा भोपळा. दुपारी पाजते, ढबू एक डुलकी काढते, मग माझं गाजर, आणि गाजर खरोखर बेताचं. संध्याकाळी दारातून आली की चपला काढायच्या आधी पाजायला घेते, आणि त्यानंतर लिफ्ट चालू. लिफ्ट आता तीन मजलीच आहे. परवा अंड्याचा पिवळा बलक दिला, तर ढबूनं तोंड असं केलं जणू तिला कुणी फसवलं. काल तोच दोन्ही हातांनी खाल्ला.

अडचण आता वेगळीच आहे. लॅबला एका वृद्धाश्रमाचं मोठं काम मिळालंय, सगळ्यांच्या कवळ्या नव्यानं. महिनाभर लेकीला दुपारी घरी येता येणार नाही. काढलेलं दूध ठेवून जाईल. ते छोट्या पेल्यानं आधी, आणि घास नंतर, असं करायला घरात माणूस हवं. आणि मला परवा निघायलाच हवं, आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यांना मोतीबिंदूपेक्षा ऑपरेशनच्या दिवशी चहा मिळणार नाही याची काळजी जास्त.

लेकीनं हे तुम्हाला कसं सांगितलं ते तुम्ही ऐकलंतच. मी तिची आई असून मला तिनं इतकं सरळ कधी सांगितलेलं नाही. "अहो आई, मला काम पण करायचंय आणि हिला पाजायचंय पण. एकटीनं नाही जमत. याल का?"

आणि तुमचं उत्तर! "येते. दूध तुझं, घास माझा. मध्ये कोण आलं तर बघून घेईन." मध्ये म्हणजे मी, एवढं मला कळतं.

तर मध्ये यायचं नाही असं ठरवून एक विनंती करते. तुम्ही बुधवारच्या गाडीनं यायचं म्हणताय, उद्या सकाळचीच पकडा. हे पत्र टपालानं नाही, आज दुपारच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, म्हणजे संध्याकाळी तुमच्या हातात पडेल. मुलांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण दोघी एका घरात एक रात्रसुद्धा एकत्र राहिलो नाही. तुम्ही आलात की मी निघते, मी आले की तुम्ही, दोन पाळ्यांतल्या माणसांसारख्या. एक दिवस तरी पाळी एकत्र करू. पलंगावरची खिडकीकडची बाजू तुमची. मी घोरते, असं आमचे हे म्हणतात. मला तो आवाज कधी ऐकू आलेला नाही.

उद्या सोमवारी दुपारी, ते मोठं काम सुरू व्हायच्या आधी, लेक शेवटची घरी येईल. ती पाजेल, ढबू डुलकी काढेल, उठेल. खुर्चीत बसवू. चमचा तुम्ही घ्या. वाटी मी धरते.

तुमची वाट पाहणारी,
विहीण